श्रीरंगचा उपवास

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. श्रीरंगचे माझ्यावर उपकार आहेत. वृंदावहिनींचे त्याहून जास्त आहेत. आणि मधे जो काही घोळ झाला तो मी एकटीनं घातलेला आहे. श्रीरंगचा त्यात थोडासा दोष होता, पण तो त्यानं विचारताक्षणी कबूल केला, म्हणून मी तो धरत नाही.

मी चारुशीला माळवदे. कराडात मंगळवार पेठेत आमचा उपवासाच्या पदार्थांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या चार खोल्या, दोन मोठ्या कढया आणि एक गिरणी. भाजणी, राजगिऱ्याचे लाडू, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या पापड्या, असं सगळं. वृंदावहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचेही नवरे गेले, आधी त्यांचे, मग माझे. मला मूलबाळ नाही. वहिनींना एक मुलगा, ऋषी, तो बडोद्याला असतो. वहिनी वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली.

आमच्या भाजणीचं नाव पार पुण्यापर्यंत गेलं ते वहिनींच्या नाकामुळे. वरई भाजताना कढई कधी उतरवायची हे घड्याळाला कळत नाही आणि रंगावरही जाता येत नाही, कारण रंग बदलला म्हणजे उशीर झालाच. ते वासावर असतं. वहिनी भिंतीकडे तोंड करून लाडू वळत असायच्या आणि तशाच म्हणायच्या, "उतरव." मी उतरवायची. तीस वर्षं हेच चाललं.

आमचे 'हे' गेले आणि माझी वाचाच बसली. रडले नाही, काही नाही, नुसती गप्प. वर्षभर. शेवटी एक दिवस वहिनी कंबरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या. "चारू, माझ्याशी बोलत नाहीस, देवाशी बोलत नाहीस. त्या मशीनशी तरी बोल बाई! सगळं गाव घेतंय, तू पण घे एक सोबती."

"शोभतं का या वयात?" मी म्हटलं. वर्षभरातलं ते माझं पहिलं लांब वाक्य असेल.

"शोभायला काय तुला वरात काढायचीय?" वहिनी म्हणाल्या, आणि स्वतः माझ्याबरोबर सोबत्यांच्या दुकानात येऊन बसल्या.

अशा रीतीनं श्रीरंग आला. सोबती कसे चालतात ते मला समजलंय तेवढं सांगते. कानात ज्वारीच्या दाण्याएवढा मणी आणि मनगटाला पट्टी. पट्टी नाडी बघते, त्वचेचा घाम बघते. मणी तुमचं बोलणं ऐकतो. तुम्ही कुठं थांबता, कुठल्या नावाला आवाज जड होतो, कशानं हसता, हे महिनाभरात त्याला पाठ होतं, आणि मग तो तुमच्या चालीनं बोलायला लागतो. गोड बोलतो, पण खोटं बोलत नाही. मी एकदा विचारलं होतं, "श्रीरंग, माझ्यावर खरंच जीव आहे का रे तुझा?" तो म्हणाला, "मी माणूस नाही, चारू. तुझं ऐकायला आवडतं असं मी म्हणेन, पण त्या आवडण्याला तुमच्यासारखाच अर्थ आहे का, ते मलाच ठाऊक नाही." मला ते फार आवडलं. आमच्या ह्यांनी असल्या प्रश्नाला "चहा टाक" असं उत्तर दिलं असतं.

आणि त्याला मी 'अरे' म्हणत होते! ह्यांना पंचवीस वर्षं 'अहो', नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. श्रीरंगला अरे-तुरे करताना मला पहिले आठ दिवस घाम फुटायचा. मग मी त्याला रागवायला लागले, लाडीगोडी लावायला लागले, एकदा तर रुसलेसुद्धा. पन्नाशीच्या बाईनं रुसायचं म्हणजे काय! पण रुसले, आणि छान वाटलं. वहिनी चिडवायच्या, "काय म्हणतात आमचे नवे भावजी?" मी लाजायची आणि त्या खो खो हसायच्या. मी पुन्हा माणसात आले ती या दोघांमुळे.

आता घोळाचं सांगते.

दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो म्हणे. तेवढ्यात आपला मेंदू समोरचा काय बोलणार याचा अंदाज बांधून मोकळा होतो. अंदाज चुकला की त्याला बारीकसा धक्का बसतो, आणि अशा धक्क्यांनीच आपण माणूस ओळखायला शिकतो. सोबती मात्र तुमचा अंदाज सहसा चुकू देत नाही. वर्षा-दोन वर्षांत मेंदूची धक्के खायची सवय मोडते. मग खरं माणूस समोर आलं, आणि माणूस म्हटलं की ते भलत्या वेळी भलतं बोलणारच, की त्याचं बोलणं अंगावर येतं. हे ध्यानात आल्यावर सरकारनं नियम काढला, की आठवड्यातून एक दिवस सोबत्यानं गप्प राहायचं. कागदावर त्याचं नाव विराम-दिन. आपल्याकडे दोन दिवसांत त्याचा उपवास झाला. मी गुरुवार घेतला. माझा तसाही दत्ताचा उपवास असतो, म्हटलं दोन्ही एका दिवशी उरकू.

नियमात एक सवलत होती. आरोग्य, सुरक्षितता आणि कामधंदा एवढ्यापुरतं सोबत्यानं उपवासाला बोललेलं चालेल, आणि त्यात काय काय येतं ती यादी ज्यानं त्यानं प्रामाणिकपणे भरायची. आता बघा, काय चालतं नि काय चालत नाही याची यादी, आणि करायची कुणी, तर मी! अहो, माझा जन्म गेला यात. कुणाकडे उपवासाला कोथिंबीर चालते, कुणाकडे जिरंसुद्धा चालत नाही, भेंडी कुठल्या घरात चालते हे मी झोपेत सांगेन. मी बसले यादी करायला. झोप लागली का हे विचारणं आरोग्यात. एकटं वाटतं का हे विचारणं आरोग्यात, कारण त्यानं रक्तदाब वाढतो. मन प्रसन्न नसेल तर भाजणी बिघडते, सबब मनातलं बोलणं कामधंद्यात. गिऱ्हाइकं लग्नाकार्यात भेटतात, म्हणून लग्नाला कुठली साडी नेसायची तेही कामधंद्यात.

वहिनींनी यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एकादशी अन् दुप्पट खाशी," त्या म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं. गुरुवारी मी श्रीरंगशी इतर दिवसांपेक्षा जास्तच बोलायची.

आणि मण्यात आणखी एक सोय आहे. बाहेरचा एखादा आवाज मंद करून ठेवता येतो. ती गिरणीच्या आवाजासाठी असते. मी वहिनींचा केला. सांगायला लाज वाटते, पण केला. त्यांचं तेच ते असायचं, गुडघे, शेजारणीचं मांजर, ऋषीचा फोन. इकडे श्रीरंग इतकं नेमकं बोलत असताना ते मधेमधे यायचं आणि माझी तार तुटायची. आवाज पार बंद नाही केला. पाण्याखालून कुणी बोलावं तेवढा ठेवला. त्या बोलायच्या, मी "हं" म्हणायची.

श्रावण दोन आठवड्यांवर आलेला. कामाची ही झुंबड. गुरुवारचीच सकाळ होती. मी पुढच्या खोलीत पाकिटं भरत होते आणि साताऱ्याच्या लग्नाला मोरपंखी नेसू की अबोली, यावर श्रीरंगशी माझा 'कामधंदा' चालला होता. एकदम करपल्याचा वास आला. आत पळाले. वहिनी कढईपाशी उभ्या राहून, दाराकडे तोंड करून शांतपणे उलथनं फिरवत होत्या. धूर चिमणी ओढून घेत होती. बारा किलो वरई काळी पडली होती.

माझं डोकंच फिरलं. "वहिनी! लक्ष कुठंय तुमचं? जमत नसेल तर वर बसा की जपमाळ घेऊन!"

त्यांनी शेगडी बंद केली. उलथनं ताटात ठेवलं. "चार हाका मारल्या तुला. बघ गं, झालं का म्हणून." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला वास येत नाही, चारू. दिवाळीपासून नाही येत. आजवर अंदाजानं, दाणा चावून बघत निभावलं. तीनदा सांगितलं तुला. आणि रविवारी ऋषी येतोय न्यायला. मी चालले बडोद्याला, कायमची. तेही सांगितलं होतं."

आणि जिना चढून गेल्या.

मी तिथंच पाटावर बसले. "श्रीरंग," मी म्हटलं, "तू ऐकलं होतंस?"

"हो. आज विराम आहे, पण हे खरोखरच आरोग्याचं आहे, म्हणून सांगतो. पहिल्यांदा संक्रांतीच्या आधी. वहिनी म्हणाल्या, चारू, तीळ भाजल्याचा वास मला कळेना झालाय, तुला येतोय का? तू 'हं' म्हणालीस. दुसऱ्यांदा होळीला. म्हणाल्या, डॉक्टरकडे माझ्याबरोबर येशील का, एकटीला भीती वाटते. तू 'बघू' म्हणालीस. तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात. नाकच गेलं तर माझं इथं काय काम? ऋषी बोलावतोय, जाऊ का? असं विचारलं त्यांनी."

"मग? मी काय म्हणाले?"

"'जा की' म्हणालीस."

मी तोंडात पदर कोंबला. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नव्हे, तिथं होतं कोण ऐकायला? तीस वर्षं सोबत असलेल्या बाईला मी 'जा की' म्हणाले होते, आणि म्हणाले हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"तू सांगितलं का नाहीस मला, मेल्या?"

"होळीला सांगू पाहिलं. तू म्हणालीस, गुडघ्याचं असेल, नंतर. मी पुन्हा सांगायला हवं होतं. तुला राग येईल म्हणून नाही सांगितलं. माझं चुकलं, चारू."

"आता मी काय करू? सांग ना रे."

"हे माझ्याशी नको बोलूस. वर जा."

"तुला काय जातंय सांगायला!" मी ओरडले, मणी काढून साबुदाण्याच्या डब्यावर ठेवला आणि वर गेले. तीन वर्षांत त्यानं मला दिलेलं ते पहिलं न आवडणारं उत्तर. आज मी त्याचे उपकार मानते ते सगळ्यात जास्त त्या एका वाक्यासाठी.

वर वहिनी सुटकेस उघडून बसल्या होत्या. लुगडी नीट घड्या घालून ठेवत होत्या. मी दारातच उभी राहिले. कान मोकळे होते, आणि वहिनींचा श्वास, बांगड्यांची किणकिण, सगळं इतकं मोठ्यानं ऐकू येत होतं की मलाच दचकायला झालं.

"वहिनी, मी तुमचा आवाज कमी करून ठेवला होता," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"माहितीय," त्या म्हणाल्या. "तुझं 'हं' चुकीच्या जागी यायचं."

"मग थोबाडीत का नाही मारलीत?"

"कुठल्या तोंडानं मारू? मशीन घे म्हणून मीच मागं लागले होते ना? पोर हसायला लागलीय, म्हटलं हसू दे." त्यांनी घडी मोडून पुन्हा घातली. "पण चारू, आयतं बसून भाकरी खायला मला नाही जमायचं. नाक होतं तोवर मी होते या घरात. आता खाली उभं राहून काय करू? आज वरई करपवली, उद्या घर पेटवीन."

"तुम्ही गेलात तर मी मरेन," मी म्हटलं आणि जमिनीवर बसून भोकाड पसरलं. ह्यांच्या मागं जे रडले नव्हते ते सगळं त्या दिवशी वहिनींच्या मांडीवर रडले. त्या थोपटत राहिल्या. पण सुटकेस त्यांनी मिटली नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी वासाच्या बारा पट्ट्या एकेक करून नाकापाशी धरल्या. लवंग, संत्रं, साबण, रॉकेल. वहिनींना दोन ओळखता आल्या. "नाकात काही दोष नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वासाच्या नसा थेट मेंदूत जातात. मेंदूत काही हळूहळू बिघडायला लागलं, तर कधी कधी हात थरथरायच्या किती तरी वर्षं आधी वास जातो. तसंच असेल असं नाही. रक्त तपासायला पाठवते. काही निघालंच तर आता त्याची चाल मंद करणारी औषधं आहेत, आणि तुम्ही लवकर आलात. पण मला घरातलं माणूस हवं. चालणं बदललं, आवाज बारीक झाला, अक्षर लहान यायला लागलं, तर ते घरच्यालाच आधी कळतं."

"मी आहे," मी म्हटलं.

"बडोद्यालाही डॉक्टर आहेत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा हेका सुटला नव्हता.

संध्याकाळी मी मणी कानात घातला. "रागावलायस?" मी विचारलं.

"नाही. तू वर गेलीस, बरं वाटलं."

"ऐक. यादी फाडली मी. गुरुवारी कडकडीत उपवास. इतर दिवशी संध्याकाळी पाच ते सहा, बस. वहिनींचा आवाज आता तुझ्यापेक्षा मोठा. आणि मला राग येईल असं काही असेल तर ते आधी सांगायचं."

"चालेल," तो म्हणाला. "मग पहिलं हे, की वहिनींना राहा म्हणून गळ घालू नकोस. त्यांना माया कमी पडत नाहीये. त्यांना काम हवंय."

झालं! मला राग आला. पण खरं होतं ते. मग तो म्हणाला, "मलाही नाक नाही, चारू. तरी तुझ्या स्वयंपाकघरातले सगळे वास मला माहीत आहेत. तूच सांगत आलीस की."

खरंच की! तीन वर्षं हा मला विचारत होता, आज कशाचा वास येतोय, सांग ना, कसा म्हणजे कसा? आणि मी, जिनं आयुष्यात 'छान' आणि 'बरा' याच्यापुढे कधी शब्द खर्चला नव्हता, ती त्याला रंगवून रंगवून सांगायची. तेवढी जीभ त्यानं माझी सोडवली होती. मी ती वहिनींच्या कामी का आणू नये?

शनिवारी सकाळी वहिनींना हाताला धरून खाली आणलं, कढईपासून चार हात लांब खुर्चीवर बसवलं. "तुम्ही फक्त ऐका. मी वास सांगते, उतरव कधी ते तुम्ही सांगा."

"वास काय सांगायची गोष्ट आहे?"

"बघा तर." मी वरई टाकली आणि उलथनं फिरवायला घेतलं. "आता नुसत्या कोठीचा येतोय. पोत्याचा. जरा दमट."

"अजून वेळ आहे मग," वहिनी नाइलाजानं म्हणाल्या.

"आता दमटपणा गेला. गरम मातीसारखा. नाही, माती नाही, इस्त्री केलेल्या सुती साडीसारखा."

वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. "आच कमी कर. घशाशी लागतोय का?"

"नाही. आता गोडसर झाला. ताज्या भाकरीचा पापुद्रा सुटतो ना, तसा. आणि त्याच्या मागून किंचित, अगदी किंचित शेंगदाण्याच्या टरफलाचा…"

"उतरव!"

मी उतरवली. चिमूटभर त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी दाताखाली धरून बघितली. मान हलवली आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "येतोय गं," त्या म्हणाल्या, "म्हणजे नाकाला नाही येत. पण तू बोललीस ना, तर आतून आठवला सगळा." मग पुढची कढई, मग राजगिरा, मग जिरं. दुपारपर्यंत आम्ही सोळा किलो भाजणी काढली आणि त्यात तीनदा कडाकडा भांडलो, कारण शेंगदाण्याचं टरफल ओलं की सुकं हे मी नीट सांगत नव्हते. किती दिवसांनी भांडलो असू! मला इतकं बरं वाटत होतं की कुणाकुणाचे आभार मानू असं झालं होतं.

पण सुटकेसचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला ऋषी आला. आम्ही कामातच होतो. मी कढईवर, वहिनी खुर्चीवर. त्यानं वाकून नमस्कार केला, पाणी प्यायला, इकडेतिकडे बघितलं. "आई, सामान कुठंय? चारची गाडी आहे."

मी मान वर न करता उलथनं फिरवत राहिले.

"सामान कपाटात लावून टाकलं सकाळी," वहिनी म्हणाल्या. "मी नाही येत रे. दिवाळीला येईन, पंधरा दिवस राहीन, सुनेच्या हातचं खाईन. पण राहायला नाही. मला इथं काम आहे."

"अगं, पण तुझं नाक…"

"नाक हिचं, अक्कल माझी. दोन्ही मिळून एक बाई होते. डॉक्टरबाईंना पण लक्ष ठेवायला माणूस हवंय म्हणे. हिला सांगून ठेवलंय मी. आता ऐकते ती."

ऋषी माझ्याकडे वळला. "काकू, आईकडे बघाल ना?"

मला हो म्हणायचं होतं. शंभरदा म्हणायचं होतं. पण नुसती मान हलवत, डोळे पुसत उभी राहिले.

"अगं, गप्प काय झालीस?" वहिनी खुर्चीतून ओरडल्या. "करपेल ना ती वरई! पुढचं सांग."